लिनक्स डेस्कटॉपवरील ध्वनिव्यवस्था: निवड आणि दुरुस्ती यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, देवगड आणि राजापूर या पट्ट्यातील घरे, शाळा आणि वाचनालये यांमधल्या लिनक्स संगणकांवर काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते येथे एकत्र केले आहेत. आवाज संगणकातून कानापर्यंत चार-पाच पायऱ्या उतरून येतो. त्यांपैकी नेमकी कोणती पायरी निखळली आहे हे न पाहता भलत्याच ठिकाणी हातोडा घालणे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हेच बहुतेक अडचणी लांबण्याचे कारण असते. टर्मिनलमधील, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतील, आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप कराव्यात; अपवाद असेल तेथे तो सांगितला आहे.

आवाजासाठी लिनक्समध्ये इतकी वेगवेगळी नावे का आढळतात? अल्सा, पल्सऑडिओ, जॅक, पाइपवायर यांपैकी नेमके कोण काय करते?

ही नावे एकमेकांची पर्यायी दुकाने नाहीत. त्यांपैकी काही एकावर एक रचलेले मजले आहेत आणि काही एकाच मजल्यावर वेगवेगळ्या काळी राहून गेलेले भाडेकरू आहेत.

सर्वांत खालचा मजला कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला. तेथे प्रारंभी ओपन साउंड सिस्टिम म्हणजे ओएसएस होती, जी हानू साव्होलाइनेन यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केली. तिच्या जागी अल्सा आली. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डाच्या ड्रायव्हरपासून हे काम सुरू केले, २००२ मध्ये ते कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत गेले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून सर्वांच्या हाती पोहोचले. आजही साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलते ती अल्साच. वरच्या मजल्यावर कोणीही राहत असो, अल्सा निघून गेलेली नाही आणि ती काढताही येत नाही.

वरच्या मजल्याचे काम वेगळे आहे. ब्राउझरमधले व्याख्यान, चॅटची टिंगटिंग आणि गाण्यांचा प्लेअर या तिघांचे आवाज एकत्र मिसळणे, प्रत्येकाची पातळी स्वतंत्र राखणे, हेडफोन लावला की आवाज तिकडे वळवणे, ब्लूटूथ सांभाळणे ही कामे तेथे होतात. लेनार्ट पॉटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या पल्सऑडिओने ही जबाबदारी उचलली. फेडोरा आणि उबुंटू या लिनक्सच्या तयार संचांपैकी फेडोरा ८ मध्ये, म्हणजे २००७ साली, आणि उबुंटू ८.०४ मध्ये, म्हणजे २००८ साली, ती मुख्य व्यवस्था झाली. त्या काळी तिला लोकांनी पोटभर शिव्या घातल्या. त्यांपैकी बऱ्याच शिव्या खरे तर ड्रायव्हरांच्या वाट्याच्या होत्या, कारण तोपर्यंत कोणी वापरत नसलेल्या ड्रायव्हरांच्या सोयी पल्सऑडिओने प्रथमच वापरायला काढल्या आणि त्यांतले दोष उघडे पडले. त्याच सुमारास संगीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी पॉल डेव्हिस यांनी घडवलेली जॅक ही व्यवस्था वेगळी नांदत होती. तिचा भर सोयीपेक्षा विलंब कमीत कमी ठेवण्यावर होता, आणि या दोघींना एकाच कार्डावर गुण्यागोविंदाने राहायला लावणे हे मोठेच जिकिरीचे काम असे.

पाइपवायरने हा दुहेरी संसार मिटवला. रेड हॅट या कंपनीत काम करणारे विम टायमन्स यांनी २०१५ मध्ये ते मुळात व्हिडिओसाठी सुरू केले. काही काळ त्याचे नाव पिनोस असे होते आणि ते टायमन्स पूर्वी स्पेनमधल्या ज्या गावी राहत होते, त्या गावावरून घेतलेले होते. गावाला ‘कर’ जोडून आडनाव लावणाऱ्या आपल्या मुलखाला यात नवल वाटू नये. पाइपवायर हे पल्सऑडिओसाठी लिहिलेल्या आणि जॅकसाठी लिहिलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रोग्रॅमना त्यांच्या ओळखीच्या भाषेत उत्तर देते, त्यामुळे प्रोग्रॅमना घरमालक बदलल्याचा पत्ताही लागत नाही. कोणता आवाज कोठे जोडायचा हा निर्णय मात्र वायरप्लंबर नावाचा सोबती घेतो. अडचण शोधताना ही दोन नावे वेगळी लक्षात ठेवणे उपयोगाचे ठरते.

माझ्या संगणकावर यांपैकी कोणती व्यवस्था चालू आहे हे कसे ओळखावे?

टर्मिनल उघडून ‘पी-ए-सी-टी-एल इन्फो’ ही आज्ञा द्यावी. उत्तरातील सर्व्हर नेम या ओळीत नुसते पल्सऑडिओ असे आले तर जुनी व्यवस्था चालू आहे. पल्सऑडिओ ऑन पाइपवायर असे लिहून पुढे आवृत्तीचा क्रमांक आला तर पाइपवायर चालू असून ते पल्सऑडिओच्या वेषात उत्तर देत आहे. ही दुसरी ओळ वाचून दोन्ही व्यवस्था एकदम चालू असल्याचा समज होतो आणि घाईने एक काढून टाकली जाते. तसे करू नये.

मग निवड कोणती करावी?

फेडोरा ३४ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून, उबुंटू २२.१० पासून, डेबियन १२ च्या ग्नोम डेस्कटॉपवर आणि लिनक्स मिंट २२ पासून पाइपवायर आपोआपच येते. नव्याने लिनक्स घालणाऱ्याने यांपैकी एक आवृत्ती घ्यावी आणि ध्वनिव्यवस्थेच्या निवडीचा प्रश्न तेथेच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या मशिनीवर पल्सऑडिओ नीट चालत असेल, ब्लूटूथची तक्रार नसेल आणि ध्वनिमुद्रण करायचे नसेल, तर केवळ नवे आहे म्हणून पाइपवायर घालण्याने पदरात काही पडत नाही.

नुसत्या अल्सावर भागवावे काय, असे कमी मेमरीचे संगणक असलेल्या शाळांकडून विचारले जाते. अल्सामध्ये अनेक आवाज मिसळणारी डीमिक्स ही सोय आहे आणि ती साध्या कार्डांवर आपोआप चालूही असते, त्यामुळे हे अशक्य नाही. परंतु फायरफॉक्सच्या अधिकृत प्रतीने २०१७ मधील ५२ व्या आवृत्तीपासून थेट अल्साचा आधार सोडला आहे, आणि ब्राउझरमध्येच सगळे शिक्षण चालणाऱ्या शाळेत वाचलेल्या थोड्या मेमरीपेक्षा गेलेला आवाज महाग पडतो.

आवाज अजिबात येत नाही. सुरुवात कोठून करावी?

आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही, म्हणून आडापासून, म्हणजे खालून वर यावे. तरीही पहिली दोन मिनिटे बाहेरच्या गोष्टींना द्यावीत: स्पीकरला वीज आहे का, त्याची स्वतःची कळ वर आहे का, पिन मागच्या बाजूच्या हिरव्या सॉकेटात पूर्ण आत गेली आहे का. गुलाबी सॉकेट माइकचे आणि निळे बाहेरून येणाऱ्या आवाजाचे असते. टेबल भिंतीला लावून ठेवलेले असेल तर मागे हात घालून अंदाजाने पिन खोचली जाते आणि ती हमखास निळ्यात जाते. वाचनालयातल्या एका संगणकासाठी मी पंचवीस किलोमीटर गाडी हाकली आणि पिन निळ्यातून हिरव्यात हलवून परत आलो.

यानंतर ‘एप्ले -एल’ ही आज्ञा द्यावी. कर्नलला दिसणारी सर्व साउंड कार्डे ती क्रमांकासह दाखवते. यादीत आपले कार्ड असेल तर खालचा मजला उभा आहे. मग ‘अल्सामिक्सर’ उघडावे, एफ-६ दाबून खरे कार्ड निवडावे आणि मास्टर, हेडफोन, फ्रंट या खांबांच्या तळाशी दोन एम दिसतात का ते पाहावे. दोन एम म्हणजे तो मार्ग म्यूट आहे. त्या खांबावर जाऊन एम ही कळ दाबली की तो उघडतो. पडद्यावरचा आवाजाचा चढ-उतार वरच्या मजल्यावरचा असतो आणि तो पूर्ण वर असतानाही खालचा खांब बंद राहू शकतो.

आता वरचा मजला वगळून थेट कार्डावर आवाज टाकून पाहावा. ‘स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह’ या आज्ञेला ‘-डी प्लगएचडब्ल्यू:०,०’ हे शेपूट (यातला डी मात्र मोठ्या अक्षरातला) जोडले, आणि त्यात पहिला आकडा कार्डाचा व दुसरा उपकरणाचा ठेवला, की डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून आळीपाळीने त्या त्या बाजूचे नाव ऐकू येते. उपकरण व्यग्र असल्याचे उत्तर आले तर इतर सर्व आवाज बंद करून काही सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करावा, कारण पाइपवायर वापरात नसलेले कार्ड थोड्याच वेळात मोकळे करते. ही चाचणी ऐकू आली तर कार्ड, ड्रायव्हर, केबल आणि स्पीकर ही चारही निर्दोष आहेत आणि दोष वर आहे. ऐकू आली नाही तर वरच्या मजल्यावर कितीही डागडुजी केली तरी ती व्यर्थ जाणार.

वरच्या मजल्यासाठी ‘डब्ल्यू-पी-सी-टी-एल स्टेटस’ ही आज्ञा आहे. तिच्या उत्तरात आवाज बाहेर सोडणारी उपकरणे सिंक्स या शीर्षकाखाली येतात आणि चालू उपकरणापुढे चांदणी असते. ज्यांना टर्मिनल नको त्यांनी पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हा प्रोग्रॅम घालावा. नाव जुने असले तरी तो पाइपवायरवर उत्तम चालतो. त्याच्या पहिल्या पानावर आवाज काढणारा प्रत्येक प्रोग्रॅम आणि तो कोणत्या उपकरणाकडे आवाज पाठवतो हे दिसते. एखाद्या प्रोग्रॅमला वायरप्लंबरने मागच्या खेपेचे उपकरण लक्षात ठेवून तिकडेच जोडलेले असते, आणि बाकी सगळे बोलते पण फक्त ब्राउझर मुका, असा प्रकार दिसतो तो याचमुळे.

सगळे बरोबर दिसत असूनही शांतता असेल तर ‘सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’ ही आज्ञा द्यावी. संगणक बंद करून चालू करण्याची गरज नसते, आणि या आज्ञेपुढे सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार मागणारा शब्द, लावायचा नसतो, कारण ही व्यवस्था आपल्या लॉगिनची असते, सबंध मशिनीची नव्हे.

सेटिंग्जमध्ये फक्त डमी आउटपुट असे दिसते. याचा अर्थ काय?

वरच्या मजल्याला खाली एकही कार्ड सापडले नाही, म्हणून त्याने आवाज ओतण्यासाठी एक खोटे भांडे मांडले आहे. ‘एप्ले -एल’ ला कार्ड दिसत असूनही डमी येत असेल तर वायरप्लंबर पुन्हा सुरू करावे. तिथेही कार्ड नसेल तर कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. त्यासाठी ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’ या आज्ञेच्या उत्तरात एसओएफ ही अक्षरे शोधावीत. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या अनेक लॅपटॉपांत आणि छोट्या पेटीवजा डेस्कटॉपांत ध्वनीचे काम साउंड ओपन फर्मवेअर या फर्मवेअरवर, म्हणजे चिपमध्ये भरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालते, आणि ती फाइल नसेल तर कार्ड जागेच होत नाही. डेबियनमध्ये तिचे पॅकेज फर्मवेअर-सोफ-साइन्ड या नावाने मिळते.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक गोष्ट करून पाहावी. विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आल्यावर कार्ड कधी कधी अर्धवट अवस्थेत राहते. संगणक पूर्ण बंद करून, वायर काढून, मिनिटभराने सुरू केल्यास ते ताळ्यावर येते.

नवा मॉनिटर जोडल्यापासून स्पीकर गप्प झाले. असे का?

एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे मॉनिटर हेही एक साउंड कार्ड म्हणून उभे राहते आणि व्यवस्था नव्या पाहुण्याला पसंती देते. मॉनिटरला स्पीकर नसले तरी तिला ते कळत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुट एकदा हाताने निवडावे. बहुधा ते लक्षात राहते. राहिले नाही तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलच्या शेवटच्या पानावर एचडीएमआय कार्डाचे प्रोफाइल बंद करून टाकावे.

पावसाळ्यात समोरच्या सॉकेटातून आवाज येत-जात राहतो किंवा एकाच बाजूला येतो. लिनक्स बदलून फरक पडेल काय?

पडणार नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही तक्रार सॉफ्टवेअरची समजूच नये. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा यांनी साडेतीन मिलिमीटरच्या सॉकेटातील पत्र्यावर पुट चढते, आणि त्याची दोन रूपे दिसतात. पहिले उघड: पिन फिरवली की खरखर होते, एक बाजू जाते, पुन्हा येते.

दुसरे रूप फसवे आहे. सॉकेटात पिन घातली आहे की नाही हे कळवणारा एक संपर्क असतो. तो गंजून किंवा वाकून अडकला की समोर काहीही लावलेले नसताना हेडफोन लागला आहे अशी वर्दी कर्नलला जाते, आणि मागचे स्पीकर शिस्तीने म्यूट होतात. सेटिंग्जमध्ये हेडफोन निवडलेले दिसते आणि मालक शपथेवर सांगतो की घरात हेडफोनच नाही. अशा वेळी अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट मोड नावाचा खांब शोधून तो डिसेबल्ड करावा, स्पीकरचा खांब उघडावा आणि ‘सुडो अल्साकंट्रोल स्टोअर’ या आज्ञेने, जी प्रत्यक्षात ए-एल-एस-ए-सी-टी-एल अशी लिहितात, ही मांडणी जपून ठेवावी. सर्व कार्डांना हा खांब नसतो. तो नसेल तर कॅबिनेट उघडून समोरच्या सॉकेटांची मदरबोर्डवर गेलेली केबल काढून ठेवणे हा खेडवळ पण खात्रीचा उपाय आहे. समोरचे सॉकेट जाते, मागचे स्पीकर बोलू लागतात.

सफाई करायची असेल तर संगणक बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पिनेवर घेऊन, ती पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करावी आणि पूर्ण वाळू द्यावे. पॉलिश पेपर वापरू नये, मुलामा निघून जातो. खोबरेल तेल तर मुळीच लावू नये. ते लावलेले सॉकेट मी पाहिले आहे आणि त्यात मुंग्यांनी घर केले होते.

शिमग्यानंतर बंद होऊन गणपतीला उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांतील संगणकांना याचा सर्वाधिक त्रास होतो. अशी मशीन खोली उघडल्याबरोबर सुरू करू नये. दारे-खिडक्या उघडून एक-दोन दिवस वारा लागू द्यावा. ज्या घरात माणसे आहेत तेथे पावसाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास संगणक चालू ठेवल्यास आतल्या उबेने ओल धरत नाही.

स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो. तो कसा घालवावा?

आधी त्या आवाजाची जात ओळखावी. तो एकसुरी, जाड आणि संगणकावर काहीही करत असले तरी न बदलणारा असेल तर ती विजेची गुणगुण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ती ५० किंवा १०० हर्ट्‌झवर ऐकू येते. माउस हलवला किंवा पान वर-खाली सरकवले की सूर बदलणारी बारीक किरकिर असेल तर ती संगणकाच्या आतल्या विद्युत गोंगाटाची आहे, आणि मदरबोर्डवरील कार्ड सोडून छोटे यूएसबी साउंड कार्ड वापरणे हाच तिच्यावरचा स्वस्त उपाय आहे.

गुणगुण असेल तर प्रथम अ‍ॅम्प्लिफायरला आलेली केबल संगणकाच्या बाजूने काढावी. केबल काढूनही गुणगुण राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा केबलचा आहे. काढल्यावर थांबली तर संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग मिळून त्यांच्यामध्ये एक वेटोळे तयार झाले आहे. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावे. टीव्ही किंवा केबलची तार त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली असेल तर ती काढून पाहावी; ही तार या गुन्ह्यात वारंवार सापडते. तरीही न थांबल्यास दोहोंमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असलेला ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा.

थ्री-पिनमधली जाड पिन कापून टाकल्याने गुणगुण थांबते हे खरे, आणि म्हणूनच तो सल्ला गावोगाव ऐकू येतो. तो पाळू नये. ती पिन माणसाला शॉक लागू नये म्हणून असते. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा खणणे कष्टाचे असल्याने अनेक जुन्या घरांत मुळात अर्थिंगच धड नसते. तेथे वायरमनला बोलावून ते तपासून घेणे हे आवाजासाठी नव्हे तर जिवासाठी करावे. वळवाच्या गडगडाटात मात्र संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांचेही प्लग काढून ठेवावेत.

आवाज मध्येच तुटतो, तडतडतो. काय पाहावे?

आवाजाची पातळी १०० टक्क्यांच्या पुढे नेली असल्यास ती आधी खाली आणावी. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल ही पातळी १५३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११ डेसिबल जास्त चढवू देते, आणि त्या चढावर सुरांचे शेंडे छाटले जाऊन आवाज फाटतो.

पातळी योग्य असूनही तडतड होत असेल तर ‘पीडब्ल्यू-टॉप’ ही आज्ञा चालू ठेवून ईआरआर हा रकाना पाहावा. तडतडीबरोबर तिथला आकडा वाढत असेल तर संगणकाला वेळेवर आवाज पुरवणे जमत नाही. त्याच तक्त्यात क्वांट या रकान्यात एका घासाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे क्षणोक्षणीची मोजमापे, दिले जातात ते दिसते. हा घास एखाद्या प्रोग्रॅमने फार लहान करून घेतला असेल तर दुबळ्या प्रोसेसरची तारांबळ उडते. व्यवस्था मोकळी असताना आणि फक्त गप्प बसल्यावर ठक्क असा एकच आवाज येत असेल तर तो वीज वाचवण्यासाठी कार्ड झोपी जाण्याचा आहे. एसएनडी-एचडीए-इंटेल या मॉड्यूलचा पॉवर-सेव्ह हा पर्याय शून्य केला की तो थांबतो.

मुंबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ब्लूटूथ हेडसेटचा आवाज एकाएकी जुन्या ट्रंक कॉलसारखा होतो. हेडसेट बिघडला काय?

बिघडलेला नाही. ब्लूटूथचे ए-टू-डी-पी हे प्रोफाइल गाणी ऐकण्यासाठी आहे. त्यात आवाज उत्तम असतो, पण तो एकाच दिशेने जातो आणि माइक चालत नाही. माइक हवा झाला की हेडसेटला एचएफपी या प्रोफाइलवर यावे लागते, आणि तेथे आवाज एकमार्गी स्टिरिओ न राहता दुतर्फा पण मोनो होतो. सीव्हीएसडी हे जुने कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बांधण्याची रीत, सेकंदाला ८,००० नमुने पाठवते, एमएसबीसी १६,०००. त्यामुळे दुसरे उपलब्ध असल्यास ते निवडावे, बोलणे बरेच स्वच्छ येते. वायरप्लंबर हा बदल कॉल सुरू होताच स्वतःहून करते.

यावरचा माझा नेहमीचा तोडगा असा की ऐकणे हेडसेटवर ठेवावे आणि सेटिंग्जमध्ये इनपुट म्हणून वेबकॅमचा किंवा तारेचा साधा माइक निवडावा. हेडसेट मग गाण्यांच्या प्रोफाइलवरच राहतो. एका आजींना हे करून दिल्यावर पहिल्यांदाच नातवाचे बोबडे बोल समजले, आणि दोष आपल्या कानांचा नव्हता याचे त्यांना अधिक समाधान झाले.

भजनी मंडळाचे किंवा दशावताराचे ध्वनिमुद्रण लिनक्सवर करता येईल काय? त्यासाठी जॅक लागेल काय?

उत्तम करता येते. पाइपवायर असेल तर जॅक वेगळे घालावे लागत नाही. आर्डोरसारखा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम, जो जॅकचे कर्ते पॉल डेव्हिस यांचाच आहे, पाइपवायरच्या जॅक रूपाशी बोलतो.

येथे विलंबाचा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. पाइपवायर नेहमी सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी चालते आणि एका घासाला १,०२४ नमुने घेते. म्हणजे एका घासाचा विलंब सुमारे २१ मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा हा विलंब म्हणजे पखवाजवाला साधारण सात मीटर लांब, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखा. नुसते ऐकताना किंवा एका दमात मुद्रण करताना याने काहीच बिघडत नाही. पेटी आधी मुद्रित करून तिच्यावर हेडफोन लावून गायचे असेल तेव्हा मात्र गायकाला आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो लय सोडतो. तेव्हा घास १२८ किंवा २५६ नमुन्यांवर आणावा. १२८ वर तो पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतो. प्रत्यक्ष फेरा यापेक्षा थोडा अधिक भरतो, कारण आवाज आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे वेळ खातो.

साधनांविषयी: यूएसबीच्या सर्वमान्य ध्वनिमानकाप्रमाणे चालणारा, म्हणजे क्लास कम्प्लायंट असा उल्लेख असलेला, ऑडिओ इंटरफेस घ्यावा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लावला की ‘एप्ले -एल’ मध्ये दिसतो. सेटिंग्जमध्ये त्याचे प्रो ऑडिओ हे प्रोफाइल निवडले की त्याचे सगळे मार्ग सुटे मिळतात. महाग माइक एक घेण्यापेक्षा मध्यम प्रतीचे दोन घेऊन एक गायकाला आणि एक पखवाज-झांजांपासून दूर लावणे भजनाला अधिक मानवते, कारण झांज जवळच्या कोणत्याही माइकला व्यापून टाकते. पातळी अशी ठेवावी की गजर टिपेला गेला तरी दर्शक लाल होणार नाही. दशावतारात संकासुराच्या प्रवेशाला पखवाज आणि झांज जी उसळी घेतात, ती आधी वाजवून घेऊन पातळी ठरवावी. हळू आवाजात झालेले मुद्रण पुढे वाढवता येते. फाटलेले शिवता येत नाही.

आणि वीज जाणार हे धरूनच बसावे. लॅपटॉप वापरावा किंवा डेस्कटॉपला यूपीएस द्यावा.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ओर्का लावले आहे, पण ध्वनीच बिघडल्यास त्याला संगणक वापरताच येत नाही. यावर उपाय काय?

ओर्का स्वतः बोलत नाही. ते स्पीच-डिस्पॅचर या मध्यस्थाकडे मजकूर देते आणि तो ई-स्पीक-एनजीसारख्या यंत्राकडून आवाज करवून घेतो. ई-स्पीक-एनजीला मराठी येते, उच्चार यांत्रिक असले तरी समजतात. आवाज गेल्यास इतर कशातून, उदाहरणार्थ एखाद्या गाण्यातून, आवाज येतो का हे आधी पाहावे. गाणे वाजत असेल तर दोष मध्यस्थापाशी आहे आणि ऑल्ट, सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली) व एस या तीन कळा एकदम दाबून ओर्का बंद करून पुन्हा सुरू केल्यास ग्नोमवर तो बहुधा सुटतो.

गाणेही वाजत नसेल तर पाइपवायर पुन्हा सुरू करण्याची आज्ञा कीबोर्डवरील एखाद्या मोकळ्या कळजोडीला आधीच बांधून ठेवावी, म्हणजे पडदा न पाहता ती देता येते. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्यासाठी ती कंट्रोल, ऑल्ट आणि पी अशी बांधली आहे, आणि एक जादा यूएसबी साउंड कार्ड त्याच्या टेबलाच्या उजव्या खणात ठेवलेले असते.